एकाच आवशीची पोरां : देवगड किनाऱ्यावरच्या सातेरी माश्यांचं एक प्रकरण

तक्रार

देवगड तालुक्यातल्या एका वाडीत सातेरी माश्यांच्या, म्हणजे पेटीत पाळल्या जाणाऱ्या देशी मधमाश्यांच्या, २२ पेट्या आहेत. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. घरच्यांची तशी इच्छा आहे. पेट्या नीट ठेवलेल्या, स्टँडच्या पायांखाली मुंग्यांसाठी पाण्याच्या वाट्या, वर माडाच्या झापांची सावली. राण्या तरुण, बहुतेक एकच पावसाळा पाहिलेल्या. जानेवारी महिना, काजू मोहरलेला, माडाचा पराग तर बारमाही. म्हणजे पेट्या भराभर वाढायला काहीच हरकत नव्हती. पण त्या वाढत नव्हत्या.

चौकट उचलून पाहिली की पिल्लांच्या पोळ्यात मधली घरं रिकामी दिसत. एका बंद कोषाशेजारी कोवळी अळी, तिच्याशेजारी नुसतं अंडं, मग रिकामं घर, मग पुन्हा कोष. चांगल्या राणीचं पोळं असं नसतं. ती मधून सुरुवात करून गोल गोल बाहेर अंडी घालत जाते, त्यामुळे एका वयाची पिल्लं एका पट्ट्यात सापडतात. इथे सगळी वयं एकमेकांत मिसळलेली. आदल्या पावसाळ्यात तीन वसाहती पेटी सोडून निघून गेल्या होत्या आणि मध दोन हंगाम सतत घटला होता.

मधपाळ काका सत्तरीच्या घरात आहेत. हापूसची बाग, थोडा काजू, माड आणि या पेट्या. (हापूसच्या मोहरावर माश्यांपेक्षा चिलटं आणि घरमाशीच्या जातीचे कीटक जास्त राबतात, त्यामुळे आंब्यासाठी पेट्या ठेवल्या असा त्यांचा दावाही नाही. पेट्या मधासाठी आणि हौसेसाठी.) मी जिल्ह्यात कीटकशास्त्र शिकवतो आणि पेट्या बघायला बोलावणं आलं की जातो. काकांनी पहिल्याच भेटीत जे विचारलं, त्यावर पुढचं सगळं प्रकरण उभं राहिलं. लोक त्यांना रोग म्हणून सांगत होते, औषध सुचवत होते. ते म्हणाले, "रोग आसा तर मेलेली पोरां खंय गेली?"

पेट्यांचा वंश

वाडीची जागा लक्षात घ्यायला हवी. पश्चिमेला समुद्र, उत्तरेला खाडी, मागे जांभ्याचा उघडा सडा. सड्यावर पावसात तेरडा आणि बारीकसारीक फुलं येतात, पण सातेरीला घर करायला पोकळ झाडं जवळपास नाहीत. बागांमध्ये मोहराच्या काळात तुडतुड्यासाठी, फुलकिड्यांसाठी फवारण्या चालतात. झाडाच्या ढोलीत किंवा गडग्यात (दगडी कुंपणात) कुठे जंगली वसाहत बसलीच तर तिचा टिकाव लागणं कठीण.

अशाच एका गडग्याच्या पोकळीतून काकांनी काही वर्षांपूर्वी एक वसाहत काढून पेटीत घातली. ती पेटी क्रमांक ३. तेव्हा त्यांच्याकडे विकत घेतलेल्या इतर पेट्या होत्या. त्या चावऱ्या, पावसाळ्यात फुलं आटली, साखरेचा पाक द्यायला दोन दिवस उशीर झाला की पेटी सोडून निघून जाणाऱ्या. क्रमांक ३ ची तऱ्हा वेगळी. धूर न देता चौकट काढा, माश्या पोळ्यावर शांत चालत राहतात. आषाढात अंगणात पाय ठेवता येत नाही अशा पावसातही तिने पेटी सोडली नाही.

कोणीही मधपाळ जे करेल तेच काकांनी केलं. क्रमांक ३ ची विभागणी केली, तिच्यातल्या राणीकोषांवरून (नवी राणी ज्यात वाढते ती घरं) नव्या पेट्या बसवल्या. जुन्या पेट्यांतल्या चावऱ्या राण्या मारून त्यांच्या जागी क्रमांक ३ च्या घराण्याचे राणीकोष दिले. पुढे मुलींपैकी जी जास्त शांत, तिच्यापासून पुढची पिढी. धाकटी सून पेट्यांची वही ठेवते. प्रत्येक पेटीला क्रमांक, राणीकोष कोणत्या पेटीतला, कोणत्या महिन्यात बसवला, मध किती किलो. ही वही नसती तर हे प्रकरण लिहिताच आलं नसतं. आपल्याकडे मधपाळ मध मोजतात, राणीची आई कोण ते क्वचित लिहून ठेवतात.

वहीवरून रेघा ओढत मागे गेलो. २२ च्या २२ पेट्या फिरून क्रमांक ३ वरच येऊन थांबल्या. शेवटच्या दोन हंगामांतले सगळे राणीकोष तर फक्त तिचे आणि तिच्या एका मुलीचे होते.

काय नव्हतं

सातेरीच्या पिल्लांना काही झालं की पहिला संशय थाई सॅकब्रूडचा येतो, आणि तो यायलाच हवा. १९७६ मध्ये थायलंडमध्ये सापडलेल्या या विषाणूने १९७८ च्या सुमारास ईशान्य भारतात शिरकाव केला आणि १९९१-९२ मध्ये दक्षिण भारतातल्या, विशेषतः केरळातल्या, सातेरीच्या नव्वद टक्क्यांहून जास्त वसाहती बुडवल्या. पण तो रोग दिसतो. अळी कोष करण्याआधी मरते, पाठीवर आडवी, तोंड वर उचललेलं. चिमट्याने काढली तर पाण्याने भरलेली पिशवी हातात येते. इथे अशी एकही अळी सापडली नाही. मेणकिड्याची जाळी नव्हती. फवारणीने मारलेल्या माश्यांचा खच पेटीच्या तोंडाशी पडतो, तो नव्हता. पोळ्याच्या कडेला पराग भरपूर, वरती मधही होता, म्हणजे उपासमार नव्हती. राणी म्हातारी होऊन तिच्याजवळचं वीर्य संपलं असतं तर कामकऱ्यांच्या घरांतून नर निघाले असते आणि कोषांची झाकणं फुगलेली दिसली असती. तीही नव्हती.

नुकतीच अंडी घातलेल्या भागात मात्र जवळजवळ प्रत्येक घरात अंडं होतं. राणी आपलं काम चोख करत होती. अंडं तीन दिवसांनी फुटतं. गळती होत होती ती त्याच्या लगेच नंतर. काकांचा प्रश्न बरोबर होता. मेलेली पोरं कुठेच नव्हती, कारण ती कामकरी माश्यांनीच संपवलेली होती.

मग अदलाबदल केली. काकांचे मेहुणे खाडीपलीकडे राहतात, त्यांच्याकडेही सातेरीच्या पेट्या आहेत, वेगळ्या मूळच्या. काकांच्या पेटीतलं ताज्या अंड्यांचं पोळं मेहुण्यांच्या पेटीत दिलं, त्यांच्याकडचं काकांच्या पेटीत. (आधी दोन्हीकडची पिल्लं बारकाईने तपासली. रोग असताना पोळी फिरवणं म्हणजे रोग वाटणं.) कागदात शंभर घरं दिसतील अशी चौकोनी खिडकी कापली, कोष बंद झाल्यावर ती पोळ्यावर ठेवून रिकामी घरं मोजली. हे मोजण्याचं काम सुनेने केलं. माझ्यापेक्षा तिचा हात स्थिर.

मेहुण्यांची अंडी काकांच्या माश्यांनी व्यवस्थित वाढवली, शंभरात सात-आठ घरं रिकामी. काकांच्या अंड्यांतून निघालेली पिल्लं मात्र मेहुण्यांच्या माश्यांनीही खाल्ली, शंभरात पंचवीसच्या आसपास घरं रिकामी. म्हणजे दाया चांगल्या होत्या, जागा चांगली होती. जे काही बिनसलं होतं ते अंड्यातच होतं.

कॅलिफोर्नियातली एक कारकीर्द

या घडीला रॉबर्ट पेज या शास्त्रज्ञाचं काम कामी आलं. त्यांनी सातेरीवर नव्हे, युरोपीय मेलिफेरा माशीवर काम केलं. कोकणाशी त्यांचा काही संबंध नाही. पण काकांच्या वाडीत जे दोन प्रश्न एकमेकांत अडकले होते, स्वभाव वंशातून येतो का आणि वंश किती आवळता येतो, त्या दोन्हींवर त्यांची सगळी कारकीर्द गेली.

पेज यांनी १९८० मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या विभागातून पीएच.डी. केली. तिथे हॅरी लेडलॉ होते. १९०७ मध्ये जन्मलेले लेडलॉ तेव्हा निवृत्त झाले होते, पण काम सोडलेलं नव्हतं. राणीमाशीला कृत्रिम रेतन करताना पिचकारीचं वीर्य आत का जात नाही, हे कोडं त्यांनी सोडवलं होतं. राणीच्या शरीरात वाट अडवणारी एक घडी असते, ती बाजूला सारावी लागते. गोष्ट एवढीशी, पण तिच्यामुळे राणीचा जोडीदार कोण हे माणसाला ठरवता येऊ लागलं. एरवी राणी आकाशात उडते, अनेक नरांशी जुगते आणि परत येते; कोणाशी जुगली हे कोणाला कळत नाही.

पेज आणि लेडलॉ यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला एक रुक्ष वाटणारा हिशेब मांडला. बाहेरून नवं रक्त न आणता माश्यांची चांगली जात बंदिस्त ठेवायची असेल, तर पिढी चालवायला किमान किती राण्या हव्यात? उत्तर आलं साधारण ३५ ते ५०. त्याहून कमी राण्यांवर भागवलं, तर काही पिढ्यांनी पिल्लांची पोळी विरळ व्हायला लागतात. काकांची पिढी दोन राण्यांवर चालली होती.

विरळ का होतात, हे कळायला आणखी मागे जावं लागतं. राणीने फलित अंडं घातलं तर मादी, अफलित घातलं तर नर, हे सिलेशियातले पाद्री यान जिएर्झोन यांनी १८४५ मध्ये सांगितलं. (म्हणून नराला बाप नसतो, आईचा बाप, म्हणजे आजोबा मात्र असतो.) पण एवढ्याने गोष्ट पुरी होत नव्हती. १९५१ मध्ये ओटो मॅकेन्सन यांनी दाखवलं की जवळच्या नात्यात जुगवलेल्या राण्यांची जवळपास निम्मी पिल्लं कधी कधी नाहीशी होतात. त्यांनी अंदाज केला की लिंग ठरवणारी एकच जागा आहे आणि तिथे अनेक पर्यायी रूपं असतात. दोन वेगळी रूपं आली तर मादी. एकच असलं, म्हणजे अंडं अफलित असलं, तर नर. आणि फलित अंड्यात दोन्हीकडून सारखंच रूप आलं तरीही नर, फक्त हा नर दुहेरी गुणसूत्रांचा, निरुपयोगी. १९६३ मध्ये पोलंडच्या येझी वोयके यांनी उरलेला धागा जुळवला. ही अंडी मरत नाहीत, फुटतात. पण अळी बाहेर येताच कामकरी माश्या तिला ओळखतात आणि खाऊन टाकतात. कशाने ओळखतात हा वेगळा विषय आहे. वोयके यांनी अशा अळ्या माश्यांपासून दूर, प्रयोगशाळेत वाढवून दाखवल्या.

ती जागा नेमकी कोणती, हे २००३ मध्ये कळलं. मार्टिन बाय, पेज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीएसडी हा लिंग ठरवणारा जनुक शोधून काढला. तोवर पेज यांना या क्षेत्रात वीसहून जास्त वर्षं झाली होती. हाच जनुक पुढे सातेरीतही अभ्यासला गेला, त्यामुळे मेलिफेराचा हिशेब आपल्या माशीला लावताना फार मोठी उडी मारावी लागत नाही.

हिशेब

काकांच्या पडवीत हे मी अक्षरांनी समजावलं. क्रमांक ३ च्या राणीकडे समजा क आणि ख ही दोन रूपं. तिचे मुलगे निम्मे क चे, निम्मे ख चे. तिच्या मुलीला आईकडून क मिळाला, बापाकडून ग. ही मुलगी राणी होऊन उडाली आणि तिला आकाशात फक्त भाऊच भेटले. क वाल्या भावाशी जुगली तर त्याच्या वाट्याची निम्मी फलित अंडी क-क. ख वाल्या भावाशी जुगली तर एकही नाही. सातेरीची राणी बऱ्याच नरांशी जुगते, वीर्य एकत्र साठवते; म्हणून दोन्हींची सरासरी होते आणि चारातलं एक घर रिकामं राहतं.

सून म्हणाली, "म्हणजे सगोत्र झालं." उपमा चपखल आहे, फक्त गोत्र बापाकडून येतं आणि इथल्या मुलग्यांना बापच नाही.

प्रत्यक्षात आकडा तंतोतंत पंचवीस येण्याचं कारण नव्हतं. वाडीतले सगळे नर काही क्रमांक ३ चे मुलगे नव्हते. काही तिच्या मुलींचे, काही कुठूनतरी आलेले असणार. मोजणीत पेट्यांचे आकडे शंभरात १८ ते ३० असे पसरले. पण सगळ्याच पेट्या थोड्या-थोड्या वाईट होत्या, आणि अनेक नरांशी जुगण्यामुळे असंच दिसतं. राणी एकाच नराशी जुगली असती तर काही पेट्या निम्म्या रिकाम्या आणि काही ठणठणीत दिसल्या असत्या, आणि दोष घराण्यात आहे हे काकांच्या केव्हाच लक्षात आलं असतं. सगळीकडे सारखीच मरगळ दिसली, म्हणून तो हवेचा, पाण्याचा किंवा रोगाचा दोष वाटला.

जनुकाची तपासणी आम्ही केली नाही. त्याला पैसा आणि प्रयोगशाळा लागते. निदान उभं आहे ते अंड्यांच्या अदलाबदलीवर, वहीतल्या वंशावर आणि उपायाला मिळालेल्या प्रतिसादावर. एवढा पुरावा मला पुरेसा वाटतो.

काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "सगळी एकाच आवशीची पोरां ती. माकाच आवडायची." आणि लगेच पुढचा प्रश्न, जो खरा कठीण होता: मग चांगली पेटी निवडायची की नाही?

निवड खरी असते

इथे पेज यांच्या कामाचा दुसरा भाग येतो आणि तो काकांच्या बाजूचा आहे. १९९० च्या सुमारास पेज आणि त्यांचे सहकारी किम फाँड्रक यांनी डेव्हिसला माश्यांच्या दोन ओळी वेगळ्या काढायला घेतल्या. पेटीत पराग जास्त साठवणाऱ्या वसाहतींपासून एक, कमी साठवणाऱ्यांपासून दुसरी. एकाच पिढीत फरक दिसू लागला. तिसऱ्या पिढीपर्यंत जास्तवाल्या पेट्यांत कमीवाल्यांच्या सरासरी सहापट पराग होता. बाहेर कामाला जाणाऱ्या माश्यांची संख्या दोन्हीकडे सारखीच होती. बदललं होतं ते परागाला जाणाऱ्या आणि मकरंदाला जाणाऱ्या माश्यांचं प्रमाण.

म्हणजे पेटीचा स्वभाव निवडीने बदलतो, आणि फार लवकर बदलतो. काकांनी क्रमांक ३ मध्ये जे पाहिलं तो भास नव्हता. फरक एवढाच की डेव्हिसला जोडीदार पिचकारीने ठरवला जात होता आणि रक्ताचं नातं फार जवळ येऊ नये म्हणून आधीच आखणी केलेली होती. काकांनी आई निवडली. बाप मात्र समुद्र, खाडी आणि फवारणी यांनी निवडला. जर्मनीत उत्तर समुद्रातल्या बेटांवर राण्या मुद्दाम नेऊन ठेवतात, कारण तिथे ठरवलेल्या घराण्याशिवाय दुसरे नर पोहोचत नाहीत. काकांची वाडी न ठरवता तसंच बेट झाली होती.

त्या दोन ओळींवरचं पुढचं काम फार रंजक आहे, आणि त्यावर थोडं थांबल्याशिवाय मला राहवत नाही. जास्त पराग आणणाऱ्या माश्या बाहेर कामाला लवकर वयात निघतात. साखरेचं अगदी पातळ पाणीही त्यांची सोंड बाहेर काढायला पुरतं. आणि त्यांची अंडाशयं, जी कामकरी माशीत एरवी जवळजवळ निकामी असतात, थोडी मोठी असतात. नॉर्वेच्या ग्रो आमडाम यांच्याबरोबर पेज यांनी यातून एक कल्पना मांडली: एकटी राहणारी पूर्वज माशी अंडी पिकली की पिल्लांसाठी पराग शोधायला निघत असे. तीच जुनी प्रजननाची घडण कामकऱ्यांमध्ये काम वाटून घेण्यासाठी वापरली गेली. २००६ मध्ये त्यांचा हा शोधनिबंध नेचरमध्ये आला. तोवर पेज अॅरिझोना स्टेट विद्यापीठात गेले होते. २००४ मध्ये तिथे जीवशास्त्राचा नवा विभाग उभारायला त्यांना बोलावलं होतं. माणूस पुढे विद्यापीठाच्या प्रशासनात वरच्या पदावर गेला, तरी या दोन ओळींच्या माश्या त्याने सोडल्या नाहीत. एकच गुण धरून दशकानुदशकं निवड चालू ठेवायची आणि त्या गुणाबरोबर आणखी काय काय ओढलं जातं ते बघत राहायचं, असं काम दर दोन-तीन वर्षांच्या प्रकल्पाच्या हिशेबात बसत नाही. आपल्याकडे माश्यांवरचं काम बहुधा याच कारणाने तुटक राहतं.

काय केलं

बाहेरून केरळातून किंवा उत्तरेतून वसाहती आणायचा विचार आम्ही पहिल्यांदाच बाद केला. त्यांच्याबरोबर विषाणू येऊ शकतो, आणि कोकणच्या पावसात टिकणं हा गुण बाहेरच्या माशीला सांगून शिकवता येत नाही. मेलिफेराचा तर प्रश्नच नव्हता. तिला लागतो तेवढा फुलोरा या वाडीत वर्षभर नाही.

उपाय आईच्या बाजूने करायचा नसून नराच्या बाजूने करायचा होता. क्रमांक ३ ची शांत मुलगी बाहेरच्या नरांशी जुगली तर पिल्लांना दोन वेगळी रूपं मिळणार, घरं भरणार, आणि तरीही कामकऱ्यांचं निम्मं रक्त क्रमांक ३ चंच राहणार. म्हणजे काकांना आपली माशी सोडावी लागत नव्हती.

पाऊस ओसरल्यावर मेहुण्यांकडून चार दणकट पेट्या आणल्या. काही दिवस त्या वाडीच्या दुसऱ्या टोकाला ठेवून पिल्लांवर लक्ष ठेवलं. मग काकांच्या पेट्यांमधल्या पोळ्यांच्या खालच्या कडेची नरांची घरं कापून काढायला सुरुवात केली. सातेरीच्या नराच्या कोषाच्या झाकणावर टाचणीएवढं भोक असतं, त्यामुळे ओळखायला कठीण नाही. आणलेल्या चार पेट्यांत नर मुद्दाम वाढू दिले, त्यांना पाकही जास्त दिला; पेटीला सुबत्ता वाटली की ती नर वाढवते. राणीकोष एका पेटीतून न घेता पाच वेगवेगळ्या पेट्यांतून घेतले. यातलं सगळ्यात किचकट काम नरांची घरं कापणं. एक पेटी राहिली की तिचे नर सगळ्या वाडीत फिरतात. काका कापताना कुरकुरत, कारण त्यांच्या मते नर असलेली पेटी खुशीत असते. खुशीत असते हे खरंच आहे.

नव्या राण्या अंडी घालू लागल्यावर सुनेने पुन्हा कागदी खिडकी घेऊन घरं मोजली. बहुतेक पेट्यांत रिकामी घरं शंभरात दहाच्या आत आली. दोन पेट्यांत ती वीसच्या आसपास राहिली. त्या राण्यांना बहुधा घरचेच नर भेटले. फेब्रुवारीपर्यंत पेट्यांमधली गर्दी डोळ्यांना दिसण्याइतकी वाढली आणि काही पेट्यांवर मधकोठ्या चढवाव्या लागल्या.

चावरी पेटी

सगळं सुरळीत झालं असं नाही. नव्या राण्यांच्या पेट्यांपैकी क्रमांक १७ चांगलीच चावरी निघाली. काजूच्या झाडाखाली झाडलोट करणाऱ्या बाईला तिने गाठलं, तेव्हा काकांनी त्या राणीला चिमटीत धरून मारायचं ठरवलं होतं.

मी थांबा म्हटलं, त्याचंही कारण पेज यांच्याच एका जुन्या कामात होतं. १९८८ मध्ये जीन रॉबिन्सन आणि पेज यांनी दाखवलं की एकाच पेटीतल्या सगळ्या माश्या सारख्याच पहारा देत नाहीत किंवा सारख्याच मेलेल्या माश्या उचलून बाहेर टाकत नाहीत. राणी अनेक नरांशी जुगलेली असते, म्हणून पेटीत एका आईच्या पण वेगवेगळ्या बापांच्या बहिणी असतात. काही बापांच्या मुली पहाऱ्यावर जास्त दिसतात, काहींच्या मेलेल्यांची वासलात लावण्यात. म्हणजे क्रमांक १७ चा चावरेपणा सगळ्या पेटीचा असेलच असं नाही. एखाद्या नराच्या मुली दारावर बसलेल्या असतील. पण मधपाळाला हे खुलासे काय कामाचे, त्याला पेटी उघडायची असते. तडजोड अशी झाली की राणी ठेवायची, पेटी वाटेपासून दूर सड्याच्या कडेला हलवायची, तिच्यातली नरांची घरं न चुकता कापायची आणि तिच्यातला राणीकोष कुठेही द्यायचा नाही. मध मात्र तिने चांगला दिला. काकांना हे मान्य करायला थोडा त्रास झाला.

माझं स्वतःचं मत काकांपेक्षा थोडं वेगळं आहे. शांतपणा आणि पावसाळ्यात न पळणं हे दोन गुण त्यांनी एकत्र धरले, कारण ते दोन्ही एका पेटीत सापडले. ते एकत्रच येतात असं मानायला काही आधार नाही. मला निवडायला सांगितलं तर मी न पळणं निवडेन आणि थोडं चावणं सहन करेन; कोकणातला मधपाळ पेट्या गमावतो तो जून ते सप्टेंबर या महिन्यांत, चावल्यामुळे नव्हे. काका म्हणतात, घरात नातवंडं आहेत. या मुद्द्यावर आमचं एकमत झालेलं नाही आणि पेट्या त्यांच्या आहेत.

सध्या वाद वेगळाच चालू आहे. मेहुण्यांना त्यांच्या चार पेट्यांच्या बदल्यात पैसे नकोत, क्रमांक ३ च्या घराण्याचे दहा राणीकोष हवे आहेत. शांत माशी खाडीपलीकडेही हवी. काका द्यायला तयार होते. सुनेने वही काढली आणि दोनच द्या म्हणाली, कारण दहा दिले तर पुढच्या वेळी नर आणायला जायचं कुठे. मेहुणे रुसले आहेत. गणपतीत बोलणं होईल.